चार फेऱ्या, चार दिवसांची मजुरी

"दात साफ केले का हालते ना बे, जाऊ नको." हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. भंडाऱ्यात नाही तर तुमसरला, पवनीला, साकोलीच्या बसस्टँडवर. सांगणाऱ्याकडे पुरावाही तयार असतो. त्याचे कोणी मामा असतात, त्यांनी डॉक्टरकडे जाऊन दात साफ करून घेतले आणि वर्षभरात दोन दात गेले. मामा खरे असतात, पडलेले दातही खरे असतात. फक्त आधी काय झालं आणि नंतर काय, यात गडबड असते.

वैनगंगेचा पूर ओसरला की काठावरची झाडं बघा. मुळांखालची माती वाहून गेलेली असते, पण मुळांत इतका गाळ, काड्या, पन्न्या अडकलेल्या असतात की झाड घट्ट उभं वाटतं. तो कचरा काढा, झाड डुलायला लागेल. मग झाड कचरा काढणाऱ्यानं हलवलं म्हणायचं का? दातांचं अगदी तसंच आहे. दात ज्या हाडात रोवलेला असतो ते हाड आधीच झिजून गेलेलं असतं. दोन दातांमध्ये सिमेंटसारखं बसलेलं किटण त्यांना धरून ठेवतं. ते निघालं की जी हालचाल दिसते, ती कित्येक वर्षांची कमाई असते.

आता पेपर खाली ठेवू नका, फक्त जीभ खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूनं फिरवा. खरखर लागली? लाळग्रंथींची तोंडं तिथंच जवळ उघडतात. दातांवर रोज बसणारा चिकट थर नीट घासला गेला नाही की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्याचा दगड करून टाकतात. एकदा दगड झाला की ब्रश कितीही महागाचा आणा, निघत नाही. वरचा पिवळट दगड आरशात तरी दिसतो. हिरडीच्या आत, मुळावर बसलेला काळपट आणि जास्त चिवट असतो, तो दिसतच नाही. हिरडी आणि दात यांच्यामध्ये १ ते ३ मिलिमीटरची फट सगळ्यांनाच असते. ती ४, ५, ६ होत गेली की तिला डॉक्टर पॉकेट म्हणतात, आणि खरा खेळ तिथं सुरू होतो.

माझ्या हिरड्यांतून दुसऱ्या वर्षापासून रक्त यायचं. मी खर्रा खात नाही, त्यामुळे मला काही होणार नाही अशी माझी ठाम समजूत. मग एका ओळखीच्या लग्नाआधी एका दवाखान्यात गेले. दहा मिनिटं मशीन फिरलं, तोंडात गार पाणी उडालं, आरसा दाखवला, पैसे घेतले, झालं. दात चकचकीत. महिन्याभरात पुन्हा ब्रशला लाल रंग. फट किती खोल आहे हे कोणी मोजलंच नव्हतं. मोजायला लागते ती मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई. तिला ना वीज लागते, ना बॅटरी.

पुढे नागपूरच्या एका दंत महाविद्यालयात ती सळई माझ्या प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी फिरली. एक जण आकडे सांगत होता, दुसरी लिहून घेत होती. "तीन, दोन, तीन, पाच, चार, पाच." क्रिकेटचा स्कोअर ऐकावा तसं वाटत होतं, फक्त इथं कमी धावा चांगल्या. दाढांजवळ तीन ठिकाणी ५ निघाले. मला वयाच्या एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं की दात साफ करणं आणि दातांची मुळं साफ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुळं साफ करताना ती बाजू इंजेक्शननं बधिर करतात. मग अल्ट्रासॉनिक स्केलरचं बारीक टोक हिरडीच्या आत जातं. सेकंदाला २५ हजारांहून जास्त वेळा थरथरतं म्हणून तापतं, म्हणून सतत पाणी. ते पाणी आतली घाणही धुऊन काढतं. त्यानंतर क्युरेट नावाचं हाताचं हत्यार. त्याचं टोक वळलेलं असतं आणि दाताच्या प्रत्येक बाजूसाठी वळण वेगळं. इथं डोळ्यांचा काही उपयोग नाही, सगळं बोटांनी. मुळावर खरखर लागते तोवर ओढायचं, गुळगुळीत लागलं की थांबायचं. पूर्वी मूळ काचेसारखं होईपर्यंत खरवडायचे, आता तेवढं खरवडणं गरजेचं नाही हे कळलंय. चकचकीत करण्यापेक्षा हे काम कितीतरी हळू चालतं. एका बाजूला पाऊण तास सहज जातो.

जादू होत नाही, तेही सांगते. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१५ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर या उपचारानं दाताची पकड सरासरी अर्ध्या मिलिमीटरनं सुधारते असं निघालं. अर्धा मिलिमीटर! पण ज्याची पकड उतरणीला लागलीय त्याच्यासाठी घसरण थांबणं हाच मोठा फायदा आहे. त्याच अभ्यासात लेझर जोडल्यानं काही मोठा फरक पडतो याला भक्कम आधार मिळाला नव्हता. त्यामुळे ‘लेझर क्लीनिंग’चा बोर्ड पाहून लगेच खिसा मोकळा करू नका.

बाबांचं तोंड तपासलं तेव्हा मात्र माझं हसू गेलं. बाबा बिडी ओढतात. आपल्या जिल्ह्यात हे नवीन नाही. तेंदूपत्ता आपला, बिडी वळणारे हात आपले, ओढणारेही आपलेच. माझ्या ब्रशवर रक्त पाहून ते म्हणायचे, "माह्या हिरड्यातून आजवर थेंब नाही आला." खरंच नव्हता आला. निकोटिननं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत सूज असूनही रक्त येत नाही. त्यांच्या चार दाढांजवळ ७ आणि ८ असे आकडे निघाले, एक दात हातानं हलत होता. माझं रक्त मला डॉक्टरकडे घेऊन गेलं. त्यांना मात्र बिडीनं कधी कळूच दिलं नाही.

खर्ऱ्याचा रस्ता वेगळा, मुक्काम तोच. कॉलेजच्या गेटबाहेर घोटलेला खर्रा गालात धरता, त्याच बाजूची हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही असं २००३ चा कायदा सांगतो. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. ठेला कुठं आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मुळं साफ करून पुन्हा खर्रा सुरू ठेवला तर हिरडी नीट भरून येत नाही, म्हणजे पैसे आणि पाऊण तास दोन्ही पाण्यात. तुमच्यापैकी जे पहाटे भरतीसाठी धावतात, त्यांच्यासाठी एक जास्तीची माहिती. सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत किमान १४ डेंटल पॉइंट लागतात आणि हिरड्याही बघतात. धावणं पास होऊन तोंडात नापास व्हायचं का, ते ठरवा.

पण हा लेख मी सल्ले द्यायला बसून लिहिलेला नाही. मला भांडायचंय ते फेऱ्यांबद्दल. बाबांना चार वेळा या म्हणाले. तोंडाचे चार भाग, एका वेळी एक. मला एसटीत अर्धं तिकीट, बाबांना पूर्ण. नागपूर साठेक किलोमीटर, सकाळी निघालं की दिवस गेला. दिवस गेला म्हणजे मजुरी गेली. पहिल्या दोन फेऱ्या झाल्या आणि पाऊस लागला, रोवणी सुरू झाली. रोवणीच्या दिवसांत माणूस दातासाठी नागपूरला जाईल असं ज्याला वाटतं, त्यानं धानाची बांधी पाहिलेली नाही. बाबांचं अर्धं तोंड साफ, अर्धं तसंच.

चार भागांची पद्धत चुकीची आहे असं मी म्हणत नाही. संपूर्ण तोंड एकदम बधिर करता येत नाही, डॉक्टरचा हात थकतो, पेशंटचा जबडाही. पण चारच फेऱ्या हव्यात हा काही दगडावरचा नियम नाही. १९९५ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या मार्क क्विरिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ तासांच्या आत दोन बैठकींत संपूर्ण तोंड साफ करण्याची पद्धत मांडली. कल्पना अशी की साफ केलेल्या बाजूला उरलेल्या बाजूतले जंतू पुन्हा लागू नयेत. नंतरच्या तुलनांमध्ये दोन्ही पद्धतींच्या निकालात फार फरक दिसला नाही, आणि युरोपच्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत दोन्ही चालतील असं म्हटलं. हृदयाचा किंवा दुसरा मोठा आजार असेल तर डॉक्टर नको म्हणतील, ते ऐकायचं. पण निकाल सारखाच असेल तर निवड कोणाच्या सोयीनं व्हावी? लाखांदूरहून दोन बस बदलून येणाऱ्याच्या की वेळापत्रकाच्या?

माझं म्हणणं एवढंच: पेशंट कुठून आला हेही केसपेपरवर लिहा आणि दोन लांब बैठकींचा पर्याय त्याला आपणहून सांगा. सकाळी एक बाजू, जेवण, दुपारी दुसरी. आणि मुळात नागपूरच का? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. ग्रामीण रुग्णालयात दंतचिकित्सक असेल तर त्यांना विचारा की इथं पॉकेट मोजतात का, मुळं साफ करतात का. आपण फक्त दात काढायलाच तिथं जातो, मग त्यांनाही तेवढंच काम उरतं. कॉलेजच्या एनएसएस शिबिरात वजन होतं, बीपी होतं, रक्तगट होतो. तोंड उघडायला कोणी सांगत नाही. यंदाच्या शिबिरात हे तुम्ही मागू शकता, तुमचंच शिबिर आहे.

तुम्ही वीस-बावीस वर्षांचे आहात, म्हणून तुमच्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड ल्यो यांनी १२ जणांना, त्यात बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, ब्रश करणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा ब्रश सुरू केला, आठवड्याभरात पूर्ववत. हिरडी सुजण्यापर्यंत परतीची गाडी मिळते. हाड झिजलं की ते पूर्वीसारखं करून मिळत नाही, उरलेलं टिकवायचं असतं.

माझे तीन ५ आता ३ आणि ४ झालेत. बाबांचा हलणारा दात गेला. उजवी बाजू बाकी आहे. धान निघालं की दिवाळीनंतर जायचं ठरलंय, आणि या वेळी मी आधीच फोन करून विचारलंय की दोन्ही भाग एकाच दिवशी होतील का. "डॉक्टरांना विचारून सांगतो," असं उत्तर आलंय.