उंबरठ्यावरचें विक्राळ तोंड

जुन्या दगडी देवळांत शिरतांना उंबरठ्यावर कोरलेलें विक्राळ तोंड पुष्कळांनीं पाहिलें असेल. गेल्या महिन्यांत आमच्या घरांतील धाकट्या नातवानें तें पाहून विचारलें, "आजोबा, देवाच्या दारांत राक्षस कशाला?" "गप्प बस, नमस्कार कर," एवढें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली, पण प्रश्न कांहीं मनांतून जाईना.

शोधूं लागलों तेव्हां समजलें, कीं हा प्रश्न फार जुना आहे. इ. स. ६४ च्या आगीनंतर सम्राट नीरोनें रोममध्यें 'सुवर्णगृह' नांवाचा प्रचंड प्रासाद बांधविला. पुढील सम्राटांनीं तो मातीखालीं गाडून त्यावर नवीं बांधकामें केलीं. सुमारें १४८० त चित्रकार दोराच्या आधारानें त्या अंधाऱ्या दालनांत उतरूं लागले. मशालीच्या उजेडांत त्यांना देठांतून उगवलेलीं माणसें, पानांच्या शेपट्यांचे प्राणी व काडीवर तोललेलीं देवळें दिसलीं. गुहेला इटालियन भाषेंत 'ग्रोत्ता' म्हणतात. त्यावरून ह्या नक्षीस 'ग्रोटेस्क' हें नांव पडलें. राफाएल व त्याचा सहकारी जोव्हान्नी दा उदिने ह्यांनीं ती पोपच्या वाड्यांतील सज्ज्यांत उतरविली. तें काम १५१९ त पुरें झालें.

परंतु नीरोच्याही पूर्वीं विट्रुव्हिअस नामक रोमन स्थापत्यकारानें अशा चित्रांस नांवें ठेविलीं होतीं. जें जगांत नाहीं व असूं शकत नाहीं, तें भिंतीवर काढावें कशाला, असा त्याचा आक्षेप. आमच्या नातवाचा प्रश्न ह्याहून फारसा निराळा नव्हता!

आमच्या शिल्पकारांनीं मात्र हा आक्षेप कधीं मानिला नाहीं. अजिंठ्याच्या पांचव्या शतकांतील लेण्यांचीं छतें पाहावीं: तेथें हंसाचें पिसें पिसें न राहतां पानाफुलांची वेल होऊन पसरतें. इतकें दूर कशाला? आपल्या पुण्यांत सोमवार पेठेंत त्रिशुंड गणपतीचें मंदिर आहे. भीमगिरजी गोसावी ह्यांनीं तें १७५४ त बांधावयास घेतलें व १७७० त तेथें मूर्ति स्थापन झाली. दर्शनी भिंतीवर द्वारपाल आहेत, हत्ती आहेत आणि गेंड्यास सांखळदंडांनीं बांधणारे परदेशी शिपाईही आहेत. आंत तर तीन सोंडांचा, सहा हातांचा, मोरावर बसलेला गजानन! विट्रुव्हिअसच्या कसोटीनें ही मूर्तिही घडवितां आली नसती.

जगांत नसलेलें रूप मनांत असूं शकतें, हेंच ह्या कारागिरांचें उत्तर होय. उंबरठ्यावरील तोंडाचें नांव कीर्तिमुख. पुराणांतील कथा अशी: जालंधराचा दूत होऊन राहु शंकराकडे आला व त्यानें पार्वतीची मागणी केली. शंकराच्या क्रोधांतून एक भयंकर भुकेला जीव निघाला. राहु शरण आला, तेव्हां शंकरानें त्यास सोडविलें. "मग मीं खाऊं काय?" असें त्या जीवानें विचारतां शंकर म्हणाले, "स्वतःसच खा." त्यानें पायांपासून आरंभ केला आणि अखेर तोंडच उरलें. प्रसन्न होऊन शंकरानें त्यास आपल्या दारीं मानाची जागा दिली. तेव्हां दारांतला तो राक्षस नव्हे. दुसऱ्यास न खातां आपल्यालाच गिळणारी भूक आहे.

ही कथा आम्हीं नातवास सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला व म्हणाला, "मग त्याची भूक गेली का?"

ह्यावर मात्र आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पण ह्या वेळीं आम्हीं त्यास गप्प बस म्हटलें नाहीं. वाचकांनीं एखाद्या रविवारीं मुलांस सोमवार पेठेंत अवश्य न्यावें, आणि नमस्कारापूर्वीं त्यांना डोळे भरून पाहूं द्यावें व मन भरून विचारूं द्यावें. देवाच्या दारांत एवढी घाई बरी नव्हे.