शस्त्रक्रियेच्या वेळी श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळे होणाऱ्या इजांबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
जिल्हा रुग्णालय, औंध, पुणे.

विषय : पूर्ण भूल दिलेल्या रुग्णांच्या आवाज, गिळणे व श्वास यांच्या तक्रारींची नोंद, तपासणी आणि पुढील उपचार यांची शिरूर व दौंड तालुक्यांत सोय होणेबाबत.

महोदय,

आम्ही शिरूर व दौंड तालुक्यांतील रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हे निवेदन सादर करीत आहोत. आमची तक्रार कोणा एका डॉक्टरांविरुद्ध नाही. पूर्ण भूल दिल्यावर श्वासनलिकेत घातलेली नळीच रुग्णाला जगवते, हे आम्ही जाणतो. अपरात्री धावत येणाऱ्या भूलतज्ज्ञांचे ऋण आमच्यातल्या अनेक घरांवर आहे. आमचे म्हणणे आहे ते नळी काढल्यानंतरच्या दिवसांविषयी.

आमच्यातल्याच एका भाजी विकणाऱ्या ताईंचे पित्ताशयाचे ऑपरेशन एका खासगी रुग्णालयात झाले. टाके छान भरले, आवाज मात्र घोगरा तो घोगराच राहिला. पाणी पितानाही ठसका लागे. विचारले तर “गुळण्या करा, जाईल” एवढेच उत्तर मिळाले. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या होत्या, टाके काढायची तारीख होती, घशाविषयी एक ओळही नव्हती. महिना उलटल्यावर पुण्यात दुर्बिणीने तपासले, तेव्हा स्वरयंत्रातला एक लहानसा सांधा निसटलेला दिसला. लवकर आला असतात तर तो जागेवर बसवणे सोपे गेले असते, असे तेथील डॉक्टरांनी सांगितले. आता गिऱ्हाइकाला भाव सांगायला ताई आपल्या मुलाला शेजारी बसवतात.

नळीनंतर एक-दोन दिवस घसा दुखणे नेहमीचेच आहे आणि बहुतेकांचे ते आपोआप थांबते. म्हणूनच खरी इजा त्याआड लपते. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांनी नुकसानभरपाईच्या ४,४६० दाव्यांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे ६ टक्के दावे श्वासमार्गाच्या इजांचे होते, आणि स्वरयंत्राच्या बहुतेक इजा नळी सहज बसलेल्या रुग्णांना झाल्या होत्या. तेव्हा “नळी घालताना काहीच अडचण आली नाही” हे उत्तर देऊन रुग्णाला परत पाठवणे आम्हाला मान्य नाही.

व्हेंटिलेटरवर राहून घरी आलेल्यांचे हाल वेगळे आहेत. पुणे-अहिल्यानगर आणि पुणे-सोलापूर रस्त्यांवरचे अपघात, शेतातल्या औषधांची विषबाधा, अशा रुग्णांच्या घशात नळी कित्येक दिवस राहते. नळीच्या टोकाजवळचा फुगा जास्त फुगवला गेला तर श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो. पुढे जखम भरताना वण आकसतो आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्यामुळे लागणारी धाप काही आठवड्यांनी सुरू होते, श्वास घेताना शिटीसारखा आवाज येतो, आणि गावात दमा समजून पंप दिला जातो. फुग्यातला दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर इतका राखायचा असतो. तो मोजणारे उपकरण हातात मावते. बोटाने फुगा दाबून अंदाज घेणे थांबले पाहिजे.

आमची सर्वांत आग्रहाची मागणी अशी : नळी घातलेल्या प्रत्येक रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी आवाज, गिळणे व श्वास यांविषयी विचारावे आणि उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहावे. आवाज आठवडाभरात सुधारला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, आणि धाप, ताप, मानेत वा छातीत दुखणे, गिळता न येणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी परत यावे, हे त्यावर मराठीत छापलेले असावे. ही लक्षणे अन्ननलिकेला छिद्र पडल्याचीही असू शकतात, आणि तसे असल्यास उशीर जिवावर बेततो.

शिरूर आणि दौंड येथील शासकीय रुग्णालयांत स्वरयंत्र दुर्बिणीने तपासण्यासाठी तज्ज्ञांचा ठरावीक वार नेमावा. तोवर अशा रुग्णाला औंध किंवा ससूनला थेट तपासणीची चिठ्ठी मिळावी. रोजगार बुडवून पुण्याला जायचे आणि तिथे पुन्हा केसपेपरच्या रांगेपासून सुरुवात करायची, हे आजाऱ्याला झेपत नाही.

ज्यांना नळी घालणे अवघड गेले, त्यांना तसे लेखी कळवावे. अखिल भारतीय डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत हे सांगितलेलेच आहे. तो कागद हाती असेल तर पुढच्या ऑपरेशनचा भूलतज्ज्ञ आधीच सावध राहील.

संमतीपत्रावर सही घेताना दात, आवाज व श्वासमार्गाचे धोके रुग्णाला समजतील असे सांगावेत. पुरेशी माहिती दिल्याशिवाय संमती खरी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. मागितल्यावर वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांत देण्याचा नियम २००२ पासून आहे. त्यांत भुलीची नोंदही रुग्णाला मिळावी.

ग्रामीण भागातील खासगी रुग्णालयांची नोंदणी आपल्या कार्यालयाकडे होते. म्हणून तपासणीच्या वेळी नळी योग्य जागी असल्याची खात्री करणारा कॅप्नोग्राफ आणि फुग्याचा दाबमापक चालू स्थितीत आहेत का, हे प्रत्यक्ष पाहावे. या मागण्यांवर झालेली कार्यवाही ३० दिवसांत लेखी कळवावी आणि दोन्ही तालुक्यांतील भूलतज्ज्ञ व रुग्ण यांची एकत्र बैठक बोलवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
शिरूर व दौंड तालुक्यांतील रुग्ण आणि नातेवाईक

प्रत माहितीस्तव : मा. जिल्हाधिकारी, पुणे, मा. तहसीलदार, शिरूर, मा. तहसीलदार, दौंड.