मालकाचाही सराव

शर्यतीचा बैल कसा सांभाळायचा, हे जुन्नर-आंबेगावच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. ठरल्या वेळी फेरी, बंधाऱ्यात पोहणं, बेताचा खुराक, घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळून आला की विश्रांती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि गावोगावचे घाट पुन्हा गजबजले. गोठ्यातला हा सरावही जोरात सुरू झाला. दोन महिने दावणीला बांधलेला बैल एका सकाळी थेट घाटात उतरवायचा नसतो, तो पळणार तर नाहीच, उलट दुखावेल, एवढं शाळकरी पोरालाही कळतं.

त्याच बैलाचा पासष्टीचा मालक मात्र गुडघ्यावर हात रेटत उठतो आणि चार घरं पलीकडच्या दुकानात जायलाही मोटरसायकलला किक मारतो.

पेठ गावात ही गोष्ट अधिक जाणवते. एका अंगाला खेड घाट, दुसऱ्या अंगाला अवसरी घाट आणि मधे सातगाव पठार: पेठ, कुरवंडी, कोल्हारवाडी, थुगाव, भावडी, कारेगाव आणि पारगाव तर्फे खेड. पावसाच्या भरवशावरच्या बटाट्याचा हा मुलूख. इथल्या कोणाही वडीलधाऱ्या माणसाला व्यायामाचं विचारलं, की उत्तर ठरलेलं, ‘शेतात राबतोच की, आणखी वेगळा व्यायाम कशाला?’

एके काळी हे उत्तर बिनतोड होतं. बैलामागे दिवसभर नांगर धरणारा, डोक्यावर पाटी घेऊन बांध ओलांडणारा, घाट उतरून पायी मंचर गाठणारा माणूस वेगळा व्यायाम कशाला करील? आता नांगरट ट्रॅक्टरवर बसून होते, पाण्याची मोटार मोबाइलवरून चालू होते, बाजाराला जीप दारातून निघते. उरले ते लागवडीचे आणि काढणीचे दिवस. त्या दिवसांत पाठ मोडेपर्यंत काम आणि मग कित्येक आठवडे पडवीतली खुर्ची. बैलाच्या बाबतीत जे कुणी करणार नाही, नेमकं तेच माणूस स्वतःच्या बाबतीत करतो. बाया दिवसभर वाकून बटाटे वेचतात. त्यात कंबर शिणते खरी, पण धाप लागावी असं त्यात फारसं काही नसतं, म्हणून हृदयाला आणि फुप्फुसाला हवी ती मेहनत त्यातून मिळत नाही.

इथे सायकल आठवते. साठी-सत्तरीतल्या पिढीने ती दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत शिकलेली आहे. त्याच सायकलीवर त्यांनी दुधाच्या किटल्या पोचवल्या, शाळा केली, डबल सीट जत्रा गाठली. हे अंगातलं कसब अजून गेलेलं नाही. सायकलीवर शरीराचा बहुतेक भार सीट पेलते, त्यामुळे गुडघ्यावर पायी धावण्याइतका दणका बसत नाही आणि मांडीच्या मोठ्या स्नायूंना मात्र काम मिळतं. रक्तातली साखर वापरणारं शरीरातलं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे हेच स्नायू. मधुमेह घरोघरी पोचलेल्या या दिवसांत ही बाब लहान नाही.

म्हातारपणी सराव लागू पडतो का, याचं उत्तर फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांनी दिलं. जन्म १९११ चा. साठी उलटल्यावर ते पुन्हा नेमाने सायकल चालवू लागले. २०१२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी तासाभरात २४.२५ किलोमीटर अंतर कापलं. २०१४ मध्ये, १०२ व्या वर्षी, २६.९२७ किलोमीटर. मधल्या दोन वर्षांत शास्त्रज्ञ व्हेरोनिक बिया यांनी त्यांच्या सरावाची आखणी आणि शरीराची मोजणी केली. वर्षाला सुमारे ५,००० किलोमीटर, त्यातले ८० टक्के अगदी आरामात, उरलेले २० टक्के जोर लावून. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता या काळात १३ टक्क्यांनी वाढली. शंभरीनंतर, वाढली! आरामात जास्त आणि जोरात थोडं, हे प्रमाण इथल्या बैलवाल्यांना ऐकून नवीन वाटणार नाही.

२०१८ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलस्वारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसते आणि रोगाशी लढणाऱ्या नव्या टी पेशी कमी पडू लागतात. या मंडळींमध्ये मात्र त्या तरुणांइतक्याच तयार होत होत्या. अर्थात ती माणसं अनेक वर्षं सायकल चालवत आलेली होती. आज सुरुवात करणाऱ्याने महिनाभरात तशा फळाची आशा धरू नये.

नुसत्या सायकलीवर भागत नाही, हेही सांगायला हवं. बसून केलेल्या व्यायामात हाडांवर भार पडत नाही. हाडं भक्कम राहायला चालणं, जिने चढणं, थोडं वजन उचलणं लागतं. १९९० मध्ये अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं, तेव्हा त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. पेठेत त्यासाठी जिम लागत नाही. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठायचं आणि बसायचं, भिंतीजवळ एका पायावर उभं राहायचं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम मेहनत सांगते आणि पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही सांगते, कारण या वयात पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं माणसाला कायमचं अंथरुणाला खिळवू शकतं.

सायकल न शिकलेल्या बायांनी लता करे यांच्याकडे पाहावं. बारामतीजवळच्या या शेतमजूर बाईंनी साठी ओलांडल्यावर, नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून, नऊवारीत मॅरेथॉनच्या ज्येष्ठांच्या गटात धावून पहिला नंबर काढला. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनीच स्वतःची भूमिका केली. आयुष्यभराच्या कष्टाने कमावलेले पाय त्या दिवशी उपयोगी आले.

पेठेत पहाटेच्या अंधारात मात्र सायकल काढू नये. जुन्नर वनविभागात बिबट्या उसाच्या कडेला कधीही समोर येऊ शकतो. चांगलं उजाडू द्यावं, सोबत कुणी असावं. पुणे-नाशिक महामार्ग टाळावा, पठारावरचे आतले रस्ते बरे. पाय दांडीवरून टाकताना म्हातारी माणसं पडू शकतात, म्हणून बिनदांडीची सायकल घ्यावी. पायडल तळाशी असताना टाच टेकवल्यावर गुडघा सरळ होईल, इतकीच सीट उंच ठेवावी. चालवताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये, एवढा जोर पुरे. छातीत कळ आली, चक्कर आली, तर तिथेच उतरून दवाखाना गाठावा. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील, तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी.

खरी अडचण वेगळीच आहे. गावात सायकल म्हणजे गरिबी, असं एक दोन पिढ्यांत ठरून गेलं आहे. कुरवंडीच्या वाटेवर सायकल दिसली, की पहिले आठ दिवस जो तो थांबवून विचारील, ‘आबा, गाडी बंद पडली काय?’ आठवडाभर तेवढं ऐकून घ्यावं लागेल. पुढच्या आठवड्यात त्यांतलाच कुणी, घरी पडून असलेल्या सायकलीचे टायर अजून चालतील का, हे विचारायला थांबेल.