‘व्हेंटिलेटर’ आणि आपली क्षमावाणी



श्रावण सरत आला की आमच्या मालवणात दोनच विषय असतात. चाकरमानी कुठल्या गाडीने येणार आणि माटवीचं सामान कोण आणणार. आमच्या घरी गणपती नसतो, पण शेजारची लगबग आमच्या अंगणातूनच जाते. चतुर्थी झाली की दुसऱ्याच दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, आपलं दशलक्षण पर्व सुरू होतं आणि पहिला दिवस असतो उत्तम क्षमेचा. त्यांच्या घरी देव येतो तेव्हा आपल्या घरी क्षमा येते, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या.

याच दिवसांच्या तोंडावर घडणारा एक चित्रपट गेल्या आठवड्यात आम्ही घरी पुन्हा पाहिला. ‘व्हेंटिलेटर’. राजेश मापुसकर यांचा, ४ नोव्हेंबर २०१६ रोजी आलेला. दिग्दर्शन, संकलन आणि ध्वनिमिश्रण असे तीन राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाले. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, शेवट सांगत नाही.

कामेरकरांच्या घरातले गजाननकाका बेशुद्ध होऊन अतिदक्षता विभागात आहेत, श्वास यंत्रावर चालू आहे. गणपती काही दिवसांवर आलेले. काका गेले तर सुतक, मग गणपतीचं काय? सगळं गणगोत रुग्णालयात येऊन धडकतं. काकांचा मुलगा प्रसन्न (जितेंद्र जोशी) बापावर वर्षानुवर्षं धुमसत असलेला. पुतण्या राजा (आशुतोष गोवारीकर) सिनेमावाला, त्याचंही स्वतःच्या वडिलांशी (सतीश आळेकर) धड नाही. आणि सगळ्यांसमोर एकच प्रश्न: यंत्र चालू ठेवायचं की काढायचं?

माझी एक मैत्रीण म्हणाली, “अगं, आत माणूस जातोय आणि बाहेर ही माणसं चहा पितात, विनोद करतात, गणपतीची काळजी करतात. बरं दिसतं का हे?” मला मात्र ते खोटं वाटलं नाही. इथे कोकणात सुतकाची धास्ती काय असते ते मी पाहिलंय. एका वर्षी शेजारच्या काकू दारात येऊन एवढंच म्हणाल्या, “अवंदा आमच्याकडे सुतक गो, गणपती नाय,” आणि माणूस गेल्याचं रडू त्यांना तेव्हा फुटलं. माणसाचं दुःख असंच कशाच्या तरी आडून बाहेर येतं.

माझं म्हणणं वेगळं आहे. हा चित्रपट यंत्राबद्दल आहे असं आपण म्हणतो, पण यंत्रावरून होणारा वाद खरा यंत्रावरचा नसतोच. ज्यांचं बोलायचं राहिलेलं असतं, त्यांना यंत्र बंद करवत नाही. किंवा रागाच्या भरात ते पटकन बंद करून टाकावंसं वाटतं. दोन्हीकडे निर्णय घेतो तो राहून गेलेला शब्द.

हे मी पडद्यावरून शिकले असं म्हणणार नाही. आमच्या घरातच शिकले.

माझे सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघांचं बाजारात एकच दुकान होतं. वाटणी झाली, दुकानाच्या मधोमध भिंत उभी राहिली आणि अबोला सुरू झाला. बारा वर्षं. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन भाऊ सकाळी दुकानं उघडायचे, रात्री कुलपं लावायचे. क्षमावाणीला आम्ही साऱ्या गावाला हात जोडायचो, पण ती चार पावलं कुणी चाललं नाही.

आणि भाऊच बोलत नव्हते असं म्हणून मला सुटता येणार नाही. पहिल्याच वर्षी काकूंनी आमच्याकडे आंब्याचं लोणचं पाठवलं होतं. डबा रिकामा परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे मला आईने शिकवलेलं. मी तो डबा घासून पुसून रिकामा पाठवला. तेव्हा मला वाटलं, मी माझ्या घराची बाजू धरली. त्यानंतर तिकडून डबा आला नाही.

मग एका दशलक्षणात काकांना झटका आला. त्यांना गोव्याला नेलं, यंत्रावर ठेवलं. सासरे तिसऱ्या दिवशी गेले. काचेच्या दारातून आत गेल्यावर त्यांनी भावाचा हात धरला आणि म्हणाले, “बाळ, माझं चुकलं.” नर्स म्हणाली, बोला, कधी कधी ऐकू येतं. काकांनी ऐकलं की नाही, आम्हाला कधीच कळलं नाही. परतीच्या वाटेवर सासरे गाडीत एकच वाक्य बोलले, “मी उशीर केला.” त्या वर्षीच्या क्षमावाणीला ते देवळात गेले नाहीत.

मैत्रिणींनो, आपल्या धर्मात याचा क्रम फार स्पष्ट सांगितला आहे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेची वाट सांगितली आहे. तिथे अन्न कमी करण्याची गोष्ट नंतर येते. आधी स्नेह, वैर आणि परिग्रह सोडायचा, घरच्यांना आणि आश्रितांना क्षमा करायची आणि गोड शब्दांत त्यांची क्षमा मागायची. मग आपल्या दोषांची आलोचना. मग शोक आणि भय सोडायचं. आहार त्यानंतर, पायरीपायरीने.

ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याविरुद्ध निकाल दिला तेव्हा देशभर आपल्या समाजाने मूक मोर्चे काढले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. आपण त्या व्रतासाठी उभे राहिलो, हे योग्यच झालं. पण तेव्हा सगळी चर्चा अन्नत्यागाची झाली. त्याच्या आधीची क्षमेची पायरी कुणी फारशी बोललं नाही. सल्लेखना आपल्यातल्या फार थोड्यांच्या वाट्याला येते. ती पहिली पायरी मात्र प्रत्येकीच्या हातातली आहे, तिला ना मुनींची आज्ञा लागते, ना कोर्टाची.

आणि यंत्र काढणं म्हणजे सल्लेखना, असा घोळही करू नये. सल्लेखना जागेपणी, स्वतःच्या मनाने घेतात. यंत्रावरच्या माणसाचा निर्णय दुसरे घेतात. म्हणूनच त्या माणसाची इच्छा आधी माहीत असणं गरजेचं आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी इच्छा आधीच लिहून ठेवायला मान्यता दिली, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही करता येते. आपण दागिन्यांची यादी करतो, कुठल्या सुनेला कुठल्या पाटल्या ते ठरवतो. मला यंत्रावर किती दिवस ठेवायचं, हे मात्र मुलांवर सोडून जातो, आणि मग तीच मुलं दवाखान्याच्या जिन्यात एकमेकांवर ओरडतात.

कुणी म्हणेल, अशा गोष्टी घरात काढणं अशुभ. मी आईकडे हा विषय काढला तेव्हा मलाही जीभ जड झाली होती. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मला घरीच ठेवा आणि कानाशी णमोकार म्हणा. नळ्या नकोत.” एवढंच. दहा मिनिटांत ती पुन्हा तांदळातल्या खड्यांवर आली. अशुभ काही घडलं नाही. उलट माझ्या भावाच्या आणि माझ्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं.

आता माझं मत सरळ सांगते, पटलं नाही तर जरूर भांडा. घरातला अबोला पुरुष सुरू करत असतील, पण तो टिकवतो आपण. कुणाच्या मुंजीला, लग्नाला, डोहाळजेवणाला कुणाला बोलवायचं नाही, कुठल्या घरचा डबा रिकामा पाठवायचा, हे स्वयंपाकघरात ठरतं. आणि म्हणून तो मोडायची वाटही स्वयंपाकघरातूनच जाते. दोन भाऊ एकमेकांसमोर उभे राहायला लाजतात. दोन जावांना निमित्त पुरतं.

क्षमावाणीला आपण मोबाइलवर हात जोडलेलं एक चित्र दोनशे जणांना पाठवतो. ज्यांच्याशी आपलं कधी बिनसलंच नाही, त्यांची क्षमा मागायला काय लागतं? यंदा ते चित्र राहू द्या. ज्या एका नावापाशी बोट अडतं, त्या घरी जा, त्याचा कान अजून ऐकतोय तोवर.

काका गेले त्याला आता चार वर्षं झाली. भिंत अजून आहे, दुकानं दोन आहेत. काकू एकट्या असतात. मागच्या उत्तम क्षमेच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले, सोबत कित्येक वर्षांपूर्वी पाठवायचा राहिलेला साखरेचा डबा होता. त्यांनी डबा हातात घेतला, झाकण उघडून बघितलं आणि म्हणाल्या, “बस, चहा टाकते.” काकांचा विषय दोघींनीही काढला नाही. पण निघताना त्यांनी तोच डबा परत दिला, आणि तो रिकामा नव्हता.