फुलणारा चहा आणि बांधणारे हात



भिवंडीत चहा म्हणजे कटिंग. मागावर रात्रपाळी करणाऱ्याला आले घातलेला कडक, गोड घोट हवाच. त्याबद्दल तक्रार नाही. पण हल्ली भेटवस्तूंच्या डब्यातून मोठ्या सुपारीएवढा वाळक्या पानांचा गोळा काही घरांत येतो आणि भगिनी विचारतात, "याचे करायचे काय?"

हा फुलणारा चहा. मूळचा चीनचा. तेथे चहाचे कोवळे, लांब शेंडे मऊ असतानाच हाताने सारखे करून सुती दोऱ्याने बांधतात. पोटात मोगरा, शेवंती किंवा बटणासारखे गोल तांबडे फूल ओवतात. मग गोळा फडक्यात आवळून वाळवतात. हे काम हातांचे, आणि ते हात बहुतेक बायकांचे. गाठ सैल पडली तर फूल पाण्यात विस्कटते. फार आवळली तर उमलत नाही. कांड्या भरणाऱ्या आपल्या भगिनींना दोऱ्याची ही मेहनत समजावून सांगायला नको.

आता करायचे कसे? गोळा कुटू नये, दुधात उकळू नये. काचेचे उभे भांडे घ्या, म्हणजे फूल दिसेल. काच तडकू नये म्हणून ते आधी कोमट पाण्याने विसळा. पाणी उकळले की गॅस बंद करून दोन-तीन मिनिटे थांबा. अर्ध्या लिटरला एक गोळा पुरे. गोळा भांड्यात ठेवून पाणी हळू ओता. तीन ते पाच मिनिटांत पाने उघडतात, मधले फूल वर येते. तेवढा वेळ मुलाबाळांसह सभोवती बसा; खरी मजा तीच. मग पेल्यांत ओता. फार वेळ ठेवला तर कडवट होतो. त्याच गोळ्यावर त्याच दिवशी आणखी दोनदा पाणी घालता येते.

थोडा हिशेबही पाहू. पाकिटाची नव्हे, एका गोळ्याची किंमत काढा आणि तिला पेल्यांनी भागा. एका पाण्याचे चार पेले, तीन पाण्यांचे बारा. तरी परवडत नसेल तर उधारीवर घेण्याची ही वस्तू नव्हे. 'साखर उतरते, वजन झडते' असे कोणी सांगितले म्हणून डॉक्टरांची गोळी बंद करू नका. अंगात रक्त कमी असलेल्या भगिनींनी कोणताही चहा जेवणाबरोबर घेऊ नये, कारण त्याने अन्नातले लोह अंगी कमी लागते. तासाभराचे अंतर ठेवा.

चीनमध्ये चहाला ज्या फुलाचा वास देतात ते आपलाच मोगरा. दारच्या कुंडीतल्या, औषध न फवारलेल्या कळ्या संध्याकाळी हिरव्या चहाच्या पानांत मिसळून डबा झाका. कळ्या रात्री उमलतात, वास पानांत उतरतो. सकाळी फुले काढून पाने कोरडी करा. बाजारचा गजरा मात्र यासाठी वापरू नका.

शेवटी महत्त्वाचे. आपल्या वाडवडिलांसाठी गावच्या हॉटेलात कप वेगळा असे. पिऊन आपणच विसळून ठेवायचा. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने हॉटेलातली भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या नावाखाली मज्जाव करणे गुन्हा ठरवले. म्हणून हा चहा एकट्याने पिऊ नका. शेजारच्या मोमीन भाभीला बोलवा, पद्मशाली अक्काला बोलवा. सर्वांना एकाच भांड्यातून, सारख्या पेल्यांत ओता. आणि फूल उमलताना मुलांना सांगा, ही गाठ कुणा कष्टकरी बाईने बांधली आहे.