एकक म्हणजे उत्तराचं शेपूट नव्हे

एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या गच्चीवरून टाकलेलं नाणं खालच्या माणसाचा जीव घेईल का? इथे अमेरिकेत वाढणारी मुलं हा प्रश्न कधी ना कधी विचारतातच. आपल्याला शाळेतलं सूत्र पाठ असतं: वेगाचा वर्ग = २ × जी × उंची. जी म्हणजे ९.८, हेही पाठ. इमारतीची उंची इथल्या पुस्तकात सापडते, १२५० फूट. गुणाकार २४,५००, त्याचं वर्गमूळ साधारण १५६.५.

पण १५६.५ काय? मीटर दर सेकंद म्हटलं तर वेग ताशी ३५० मैल होतो, फूट दर सेकंद म्हटलं तर ताशी १०७ मैल. दोन्ही चूक. ९.८ मध्ये मीटर आहेत आणि १२५० मध्ये फूट, त्यामुळे या आकड्याला काही अर्थच नाही.

आता उंची मीटरमध्ये घेऊ, ३८१. वेग येतो सेकंदाला ८६.४ मीटर. किंवा सगळं फुटांतच ठेवू आणि जी ३२.२ घेऊ. वेग येतो सेकंदाला सुमारे २८४ फूट. दोन्हींचं उत्तर एकच: ताशी साधारण १९३ मैल. (हे हवेचा विरोध सोडून. खरं नाणं हवेमुळे याहून खूपच हळू पडतं, जीव वगैरे घेत नाही.)

'या लोकांचे फूट-पाऊंड कधी सुटणार?' असं आपण गप्पांमध्ये हसून म्हणतो. माझ्या मते दोष फुटाचा नाही, सरमिसळीचा आहे. १९९९ मध्ये नासाचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळाजवळ नष्ट झालं, तेही असंच. एका सॉफ्टवेअरने आवेग पाऊंड-सेकंदात दिला, दुसऱ्याने तो न्यूटन-सेकंदात आहे असं धरलं. फरक जवळजवळ साडेचार पटीचा. यान ठरलेल्यापेक्षा फार खालून वातावरणात शिरलं. गणित कच्चं असलेलं तिथे कोणी नव्हतं.

शाळेत एकक लिहिलं नाही की अर्धा मार्क जायचा, म्हणून आपण ते शेवटी चिकटवायला शिकलो. मुलांना तरी ते प्रत्येक पायरीवर लिहायला लावू या. मीटर दर सेकंद वर्ग गुणिले मीटर, त्याचं वर्गमूळ मीटर दर सेकंद: वेगाचं एकक आपोआप येतं. उंचीत फूट घुसले, तर कागदावर 'मीटर गुणिले फूट' असं विचित्र काहीतरी उरतं आणि चूक तिथेच पकडली जाते. कॅल्क्युलेटर हे सांगत नाही, त्याला फक्त आकडे कळतात.

दोन मापनपद्धतींत रोज वावरणाऱ्या आपल्या मुलांना ही सवय इतरांपेक्षा जास्त गरजेची आहे. सूत्र विसरलं तर पुस्तकात सापडेल. एकक सुटलं, तर चुकलंय हेसुद्धा कळणार नाही.