पत्त्यात गाव नसलेले बाबा

मुलांनो, ‘५६ ए.पी.ओ.’ असा पत्ता लिहिलेले पाकीट कधी पाहिलेत का? फौजीचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली ५६ किंवा ९९ ए.पी.ओ. गाव नाही, जिल्हा नाही! पिनकोड मात्र ९ ने सुरू होतो. ५६ चे टपाल आधी दिल्लीच्या सैनिकी टपाल केंद्रात जाते, ९९ चे कोलकात्याच्या. पलटण कुठे आहे हे त्यांना ठाऊक असते, पत्र लिहिणाऱ्याला नसले तरी चालते. हे काम करणारी आर्मी पोस्टल सर्व्हिस १ मार्च १९७२ पासून सैन्याचे स्वतंत्र दल आहे. तिचे प्रशिक्षण केंद्र आपल्याच महाराष्ट्रात, नागपूरजवळ कामठीला आहे.

आमच्या अलोऱ्याच्या घरातून असे पाकीट दर महिन्याला जाते. कारण आमचे ‘हे’ फौजेत आहेत.

कोकणात घरचा माणूस लांब असणे नवे नाही म्हणा. चाकरमानी मुंबईला, कोणी बोटीवर. पण चाकरमान्याचे गणपतीचे तिकीट आधीच काढलेले असते. फौजीला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस किरकोळ रजा असली, तरी ती हवी तेव्हा मिळेलच असे नाही. सीमेवरच्या नेमणुकीत कुटुंब बरोबर नेता येत नाही. मग आई घरी एकटीच असते. पावसाआधी कौले चाळून घेणे, बँक, रेशन, सासूबाईंचे औषध, सगळे तिच्याकडे. कामाचे काही वाटत नाही हो. पण रात्री दोन वाजता मूल तापाने फणफणते तेव्हा “काय करू या?” असे विचारायला शेजारी कोणी नसते, ते जड जाते.

आमचा कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडवरून साताऱ्याकडे गेलात, की त्या जिल्ह्यात अपशिंगे (मिलिटरी) नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ मध्ये, या एका गावचे ४६ जवान कामी आले. तेव्हाच्या कितीतरी बायकांना अक्षरओळख नव्हती. नवऱ्याचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे, उत्तरही त्याच्याकडूनच लिहून घ्यायचे. मनातले काय सांगणार, मध्ये तिसरा माणूस!

आता फोन आहे. मग पत्र कशाला? तर जुलैत आमच्याकडे वीज जाते, रेंज जाते. तिकडे बर्फात तेच. आणि लागलाच फोन, तर “जेवलास का? अभ्यास कर हं,” एवढ्यातच तो संपतो. माझा मुलगा तिसरीत असताना यांची गणपतीची रजा रद्द झाली. त्यानंतर फोन वाजला की हा मागच्या दाराने पसार! मी ओढून आणले नाही. एक चाळीसपानी वही दिली आणि म्हटले, बाबांना सांगायचे ते यात लिही, नाहीतर चित्र काढ. पहिल्या पानावर त्याने एवढेच लिहिले, “तुम्ही खोटं बोललात.” मी ते पान फाडले नाही. वही तशीच पोस्टाने गेली. यांनी त्या ओळीखाली पानभर उत्तर लिहिले. ते मी वाचलेले नाही. ते त्या दोघांचे.

तेव्हापासून तिकीट हातात येईपर्यंत मी मुलांना तारीख सांगत नाही. आणि आयांनो, “थांब, बाबा आले की बघतील तुला,” असेही म्हणू नका. मग मूल रजेची वाट कसे बघेल? तापाचेही मी कळवते. लगेच नाही, ताप उतरल्यावर, पण कळवते. सगळेच लपवले तर तो माणूस आपल्याच घरात पाहुणा होतो.

तसा तो थोडा होतोच, बरं का! रजेवर आले की पहिले दोन दिवस डबे कुठे, विळी कुठे, सारखी विचारणा. बाबा समोर बसलेले, तरी मुले खेळायला जायची परवानगी मलाच विचारतात. मग मी दप्तर त्यांच्यापुढे ठेवते. त्या दिवसांत प्रगतिपुस्तकावर सही त्यांनीच करायची.

वही अजून चालू आहे. परवा आली, तिच्यात लाल शाईने लिहिले होते, “लोणच्याची बरणी कुणी फोडली, ते आईला न विचारता कळव.”